विभक्त्यांना कशाला घाबरायचं?

इटालियन शिकायला सोपी की बोस्नियन, या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की इटालियन सोपी आणि बोस्नियनच्या सात विभक्त्या बघूनच माणूस पळून जातो. इंग्रजीवाल्याचं ठीक आहे हो, पण आपण तर प्रथमा ते संबोधन शाळेत घोकूनच मोठे झालोय! सारायेवो हे बोस्नियाच्या राजधानीचं नाव, पण सारायेवोत म्हणायचं तर 'ऊ सारायेवू' आणि तिथून आलो म्हणायचं तर 'इझ सारायेवा', म्हणजे पुणे, पुण्यात, पुण्याहून असाच प्रकार झाला की. लिंगंही तीनच, नपुंसकलिंगासकट. इटालियनमध्ये दोनच लिंगं आणि नामांना विभक्त्या नाहीत हे खरं, पण नामाआधी इंग्रजी 'द'सारखं जे उपपद लागतं ते, 'इल लिब्रो' (पुस्तक), 'लो स्तुदेंते' (विद्यार्थी), 'लामीको' (मित्र), कुठे काय लावायचं यात माझे सहा महिने गेले, आणि बोस्नियनमध्ये ही भानगडच नाही.

शब्दांचं मात्र कुणी बोललंच नाही अजून. ऑफिसात एक बोस्नियन बाई होत्या, एकदा बोलता बोलता 'दुचान' म्हणाल्या, मी विचारलं काय ते, तर दुकान! मग आम्ही जेवणाच्या सुट्टीत यादीच करायला बसलो, 'दुश्मान' म्हणजे दुष्मन, 'वाकत' म्हणजे आपला वखत. सगळे अरबी-फारसी शब्द, तिकडे तुर्कांबरोबर पोचलेले. साखर तर तिन्हीकडे, बोस्नियन 'शेचेर', इटालियन 'त्सुक्केरो', मूळ आपली शर्करा. आणि गंमत म्हणजे इटालियन 'चाओ' आलाय गुलाम या अर्थाच्या व्हेनिसच्या शब्दातून, तो शब्द मुळात स्लाव लोकांच्या, म्हणजे बोस्नियन ज्यांच्यातले त्यांच्याच, नावावरून पडलेला, आणि आज सारायेवोतली पोरं एकमेकांना खुशाल 'चाओ' करतात.