मदत हवी आहे: ‘स्टार ट्रेक’चा कुठला सिनेमा दाखवू? आणि मराठी सबटायटल्स पुढं पळतायत

रंकाळा_काठ:
नमस्कार मंडळी. राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये आठवी ते दहावीची मुलं आणि त्यांच्या पालकांना ‘स्टार ट्रेक’चा एक सिनेमा दाखवायचाय. मूळ मालिका कुणीच बघितलेली नाही. वेळ तीन तास. पडदा दहा फूट रुंद, जमीन सपाट. १९८२ चा ‘द रॅथ ऑफ खान’ की २००९ चा, यावर एकमत होईना. ‘खान’ची मराठी सबटायटल्स करून घेतलीत. सुरुवातीला बरोबर बसतात, पण तासाभरानं संवादाच्या अडीच मिनिटं आधीच येतात. व्हीएलसी प्लेअरमध्ये एच दाबून मागं घेतली तरी थोड्या वेळानं परत तेच. प्रोजेक्टरला पेन ड्राइव्ह लावला की जोडाक्षरंही फुटतात. काय करू?

ध्रुवतारा:
‘खान’च घ्या. २००९ चा सिनेमा वेगवान आहे, मुलांना आवडेलही. पण त्यात मूळ मालिकेत स्पॉक हे पात्र साकारणाऱ्या लेनर्ड निमॉयचा म्हातारा स्पॉक समोर येतो, तेव्हा जुना स्पॉक माहीत नसलेल्याला त्या प्रसंगाचं वजनच कळत नाही. २०१३ चा ‘इनटू डार्कनेस’ तर ‘खान’चाच शेवट उलटा करून वापरतो, म्हणून तो आधी अजिबात नको.

‘खान’ हा मूळ मालिकेतल्या १९६७ च्या ‘स्पेस सीड’ या भागाचा पुढचा अध्याय आहे. आधी तो भाग दाखवा. भाग साधारण ५० मिनिटं, सिनेमा ११३, मध्ये १५ मिनिटं चहा. तीन तासांत बसतं. यानाचा कॅप्टन कर्क खलनायक खानला सेटी अल्फा पाच या ग्रहावर सोडतो, हे डोळ्यांनी पाहिलं की सिनेमातला त्याचा राग समजावून सांगावा लागत नाही. एखादं हुशार पोरगं विचारेल, की सिनेमात खान कर्कच्या जुन्या सहकाऱ्याला, चेकॉव्हला, ओळखतो कसा? ‘स्पेस सीड’मध्ये चेकॉव्ह दिसतच नाही, तो मालिकेत दुसऱ्या सीझनला आला. ती पटकथेतली चूकच आहे, तसं सरळ सांगा.

पंचगंगा_घाट:
सबटायटल्सचं दुखणं फ्रेम रेटचं, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचं आहे. फाईल २५ फ्रेमच्या प्रतीवर बेतलेली आणि तुमचा व्हिडिओ २३.९७६ चा. फरक चार टक्क्यांचा, म्हणून तासाला अडीच मिनिटं आणि सिनेमा संपेपर्यंत साडेचारच्या वर. एच दाबून सगळी फाईल एकसारखी मागं सरकते, वाढत जाणारा फरक तसाच राहतो. ‘सबटायटल एडिट’ या प्रोग्रॅममध्ये फाईल उघडा, सिंक्रोनायझेशनमध्ये ‘चेंज फ्रेम रेट’ घ्या, २५ वरून २३.९७६ करा. मग पहिला आणि शेवटचा संवाद तपासा. दोन्ही सारख्याच फरकानं चुकत असतील, तरच जी (पुढं घ्यायला) आणि एच (मागं घ्यायला) वापरा.

जोडाक्षरं फुटतात कारण प्रोजेक्टरमधल्या प्लेअरला देवनागरी नीट मांडता येत नाही. पेन ड्राइव्ह सोडा, लॅपटॉप एचडीएमआयनं जोडा आणि व्हीएलसीत सबटायटलचा फॉन्ट ‘निर्मला यूआय’ ठेवा. मजकूर डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये) टाईप करून घेतला असेल तर तो आधी युनिकोडमध्ये बदला. फाईल यूटीएफ-८ मध्येच सेव्ह करा, नाहीतर सगळीकडं प्रश्नचिन्हं दिसतील.

रंकाळा_काठ:
अडीच मिनिटांचं कोडं सुटलं, आभार! पडदा किती उंचीवर बांधू? आणि लहान मुलांनी घाबरावं असं काही आहे का?

पंचगंगा_घाट:
खालची कड जमिनीपासून किमान चार फुटांवर. त्याच्या खाली गेलात तर सबटायटल्स पुढच्यांच्या डोक्यांमागं जातात आणि मागच्या ओळी नुसती चित्रं बघत बसतात. पडद्याचं माप १६:९ असेल तर दहा फूट रुंदीवर सिनेमाचं चित्र जेमतेम सव्वाचार फूट उंच येईल, वर-खाली काळी पट्टी राहील. सबटायटल्स त्या पट्टीत ढकलू नका, चित्राच्या आत खालच्या बाजूला ठेवा. ‘स्पेस सीड’ ४:३ आहे, तो साडेसात फूट रुंदच दिसेल. ‘झूम’ करून भरायला गेलात की माणसांची डोकी कापली जातात.

ध्रुवतारा:
सेटी अल्फावर एक किडा कानात शिरतो, तो प्रसंग अंगावर येतो. पालकांना आधी सांगून ठेवा. पाचवी-सहावीची भावंडं बरोबर येणार असतील तर विशेष. आणि हॉलमधला जाहीर खेळ घरच्या डिस्कवर किंवा ओटीटीच्या खात्यावर करता येत नाही. सिनेमा आणि मालिकेचा भाग, दोन्हींची परवानगी लेखी मागा. ती हातात येईपर्यंत तारीख छापू नका.