म्युनिकहून दोघांनीच तीन रात्री कुठे जावे?

इसारकाठची (प्रश्न)

नमस्कार. आम्ही नवरा-बायको गेली दोन वर्षे म्युनिकमध्ये राहतो. नवरा संगणक क्षेत्रात आहे. मी पुण्यात स्थापत्य अभियंता म्हणून काम करत होते. सध्या सकाळी जर्मन भाषेचा वर्ग आणि दुपारी पदवीच्या मान्यतेची कागदपत्रे, असा माझा दिनक्रम आहे. प्रश्न लहानसा आहे, पण थोडी पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय तो नीट कळणार नाही.

या दोन वर्षांत आम्ही फिरलो नाही असे मुळीच नाही. उलट पुष्कळ फिरलो, पण प्रत्येक वेळी कोणाला तरी दाखवण्यासाठी. आधी माझे आईवडील आले, मग सासूसासरे, त्यानंतर ऑक्टोबरफेस्टचे निमित्त साधून नवऱ्याचा मावसभाऊ सपत्नीक आला. परिणामी नॉयश्वानश्टाइनचा किल्ला मी चार वेळा पाहिला असून, त्यासमोरच्या पुलावर काढलेल्या छायाचित्रांत पाहुणे तेवढे बदलतात, आम्ही दोघे त्याच जाकिटांत तसेच उभे असतो. मात्र आम्ही दोघांनीच मिळून या शहराबाहेर एकही रात्र काढलेली नाही, हे परवा बोलता बोलता लक्षात आले आणि दोघेही थोडे ओशाळलो.

यंदा ४ जूनला, गुरुवारी, फ्रोनलाइशनाम या कॅथलिक सणाची सुट्टी आहे. शुक्रवारी रजा टाकली तर रविवारपर्यंत चार दिवस मिळतात. नवऱ्याचा बेत ऑस्ट्रियातील साल्झबर्ग, हालश्टाट आणि इन्सब्रुक असा आहे, म्हणजे रोज नवे गाव, रोज नवे अंथरूण. मला मात्र एकच जागा हवी आहे, जवळपास पाणी हवे आहे आणि निदान एक तरी सकाळ अशी हवी आहे की उठल्या उठल्या गाडीचे वेळापत्रक पाहावे लागणार नाही. या वादाचा निकाल तसा लागून गेला आहे, कारण माझ्या रहिवासी परवान्याची मुदत एप्रिलमध्ये संपली, नूतनीकरणाचा अर्ज दिलेला असला तरी नवे कार्ड अजून हाती आलेले नाही, आणि ते येईपर्यंत जर्मनीची सीमा ओलांडायची नाही असे आम्ही ठरवले आहे. वाद मी जिंकला खरा, पण अशा रीतीने जिंकायचा नव्हता.

आमच्याकडे मोटार नाही. भारतीय परवान्यावर इथे सहाच महिने गाडी चालवता येते आणि इथला परवाना काढण्याचे आम्ही लांबणीवर टाकत आलो आहोत. डॉइचलांड-टिकीट, म्हणजे देशभरच्या प्रादेशिक गाड्यांत आणि बसमध्ये चालणारा मासिक पास, दोघांकडेही आहे. मी शाकाहारी आहे, नवरा सर्वाहारी आहे. तीन रात्रींसाठी राहणे-खाणे मिळून सहाशे युरोंपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. अशा दोघांनी कुठे जावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सुचवावे.

डोंगरवाट

मी बारा वर्षांपासून याच शहरात आहे, तेव्हा ठिकाणाआधी तारखेबद्दल बोलतो, कारण खरी अडचण मला तिथे दिसते. बव्हेरियातील, म्हणजे आपल्या राज्यातील, शाळांना पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणानंतर दोन आठवड्यांची सुट्टी असते आणि यंदा ती ५ जूनला संपते आहे. म्हणजे तुम्ही निवडलेले चार दिवस हे सुट्टीचे शेपूट आहे आणि मुलांना घेऊन डोंगरात गेलेली सगळी कुटुंबे त्या वेळी तिथेच असतील. शिवाय फ्रोनलाइशनाम ही सबंध जर्मनीची सुट्टी नाही. आपल्याकडे कार्यालये बंद असतात, पण हाम्बुर्ग आणि बर्लिनला तो साधा कामाचा गुरुवार असतो. तुमच्या यजमानांचे सहकारी तिकडे असतील तर तळ्याकाठच्या बाकावर बसून यजमान बैठकीला हजेरी लावतील, हे मी स्वानुभवाने सांगतो. त्याऐवजी रविवार १४ जून ते बुधवार १७ जून असे जाऊन पाहा. रजा एकाऐवजी तीन जातील, पण घरे स्वस्त मिळतील आणि वाटा रिकाम्या मिळतील.

ठिकाण म्हणाल तर बेर्ख्टेसगाडेनचा परिसर, आणि त्यातही मुक्काम क्योनिग्झे तळ्याच्या धक्क्याजवळ न करता राम्साऊ गावात करावा असे मी म्हणेन. म्युनिकहून साल्झबर्गकडे जाणाऱ्या प्रादेशिक गाडीने फ्राइलासिंगला उतरायचे आणि तिथून बेर्ख्टेसगाडेनची छोटी गाडी धरायची. एकूण अडीच ते तीन तास लागतात. या मार्गावर लांब पल्ल्याच्या गाड्याही धावतात, त्यांत तुमचे तिकीट चालणार नाही. फ्राइलासिंग हे जर्मन बाजूचे शेवटचे स्थानक असून तीच गाडी पुढे ऑस्ट्रियात जाते, त्यामुळे तिथे डुलकी लागू देऊ नका. परतताना साल्झबर्गहून येणाऱ्या गाड्यांमध्ये फ्राइलासिंगला पोलीस कागदपत्रे तपासतात, म्हणून गाड्यांना उशीर होतो. तुम्ही सीमा ओलांडणार नसलात तरी पारपत्र आणि अर्जाचा दाखला सोबत असू द्यावा.

राम्साऊ हे जर्मनीतील पहिले अधिकृत ‘गिर्यारोहकांचे गाव’; हा मान त्याला २०१५ साली मिळाला. नावावरून दचकू नका, कारण तिथे गिर्यारोहण न करणाऱ्यांचेही फार छान चालते. गावातून बसने हिंटरझे तळ्यापर्यंत जाता येते आणि तळ्याजवळच मोठमोठ्या शिळांवर शेवाळ आणि झाडे माजलेले एक जंगल आहे, त्याला स्थानिक लोक ‘जादूचे जंगल’ म्हणतात. तुमच्या मनातली ती वेळापत्रकाविना सकाळ इथे मिळेल.

क्योनिग्झेसाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवा. दोन्ही बाजूंनी उभ्या कड्यांमध्ये अडकलेले सुमारे आठ किलोमीटर लांबीचे हे तळे जवळपास १९० मीटर खोल आहे आणि त्यावरच्या प्रवासी होड्या १९०९ सालापासून विजेवर चालतात, त्यामुळे इंजिनाचा आवाज नाही की धुराचा वास नाही. वाटेत नावाडी होडी थांबवून कड्यासमोर तुतारीसारखे एक वाद्य वाजवतो आणि प्रतिध्वनी ऐकवतो. पर्यटकांसाठीचा तो खेळ आहे हे ठाऊक असूनही मी दरवेळी गप्प होतो. बहुतेक लोक पाऊण तासाच्या आत येणाऱ्या सांक्ट बार्थोलोमे इथे उतरतात, लाल घुमटांच्या देवळाचे छायाचित्र काढतात आणि परततात. तुम्ही तसे न करता सकाळच्या पहिल्या होडीने थेट शेवटच्या थांब्यावर, म्हणजे सालेटला जा. तिथून पंधरा मिनिटे चालले की ओबरझे हे दुसरे तळे लागते. देऊळ परतीच्या वाटेवर पाहावे.

पाऊस लागला तर बेर्ख्टेसगाडेनची मिठाची खाण आहे. १५१७ सालापासून ती चालू आहे; वरून घालायचा झगा देतात आणि लाकडी घसरगुंडीवरून खाली सोडतात. केलश्टाइनहाउस हे डोंगरमाथ्यावरचे प्रसिद्ध घर मात्र या वेळी वगळा. ते पुढच्या पाहुण्यांसाठी ठेवा.

तळ्याकाठचा कंटाळा

डोंगरवाट यांच्याशी तारखेबाबत सहमत आहे, ठिकाणाबाबत नाही. बेर्ख्टेसगाडेन सुंदर आहे यात वाद नाही, पण ज्यांना मुळात धावपळ नको आहे त्यांनी जाण्यायेण्यात दोन अर्धे दिवस का घालवावेत? त्याच रेल्वेमार्गावर तासाभरात प्रीन येते आणि तिथे किमझे आहे, बव्हेरियातील सर्वांत मोठे तळे. प्रीनच्या स्थानकापासून धक्क्यापर्यंत १८८७ सालची एक चिमुकली रेल्वे उन्हाळ्यात चालते. तिच्यासाठी वेगळे तिकीट काढावे लागते, मात्र हे अंतर पायीही सहज कापता येते.

किमझेमध्ये दोन बेटे महत्त्वाची आहेत. मोठ्या बेटावर दुसऱ्या लुडविग राजाने व्हर्सायच्या धर्तीवर बांधायला घेतलेला महाल आहे. १८७८ साली काम सुरू झाले, १८८६ साली राजा गेला आणि महाल अपुरा राहिला, आणि एवढ्या खटाटोपानंतर राजा त्यात राहिला ते अवघे काही दिवस. नॉयश्वानश्टाइन चार वेळा पाहिलेल्या माणसाला याच राजाचा आणखी एक महाल सुचवण्याचे धाडस मी करणार नाही. माझे म्हणणे लहान बेटाबद्दल आहे. फ्राउएनइन्सेलवर आठव्या शतकात स्थापन झालेला जोगिणींचा मठ आहे, मोटारी नाहीत, कोळ्यांची घरे आहेत, आणि रमतगमत चालले तरी अर्ध्या तासात सगळ्या बेटाला प्रदक्षिणा होते. दुपारी तिथे गर्दी असते, पण संध्याकाळच्या होड्या निघून गेल्या की बेट पुन्हा गावकऱ्यांचे होते. तुमच्या यजमानांना ताजा भाजलेला मासा मिळेल. तुम्हाला बहुधा केझेश्पेट्स्लेवर, म्हणजे चीज घातलेल्या शेवयांसारख्या पदार्थावर, समाधान मानावे लागेल, तसे ते बव्हेरियात सगळीकडेच मानावे लागते.

एक धोक्याची सूचनाही देऊन ठेवतो. कोणी जवळचे म्हणून टेगर्नझे सुचवले तर शाफ्टलाखला गाडीचे भाग सुटे होतात, हे लक्षात ठेवा. आम्ही एकदा गप्पांच्या नादात चुकीच्या डब्यात बसून सासूबाईंसह लेंगग्रीसला पोहोचलो होतो. गाव चांगले होते, पण तळे नव्हते, आणि सासूबाई अजून विचारतात.

फोडणीवाली

जागेचा निर्णय तुम्ही घ्याल; मी फक्त राहण्याबद्दल लिहिते. शाकाहारी माणसाने तीन रात्रींसाठी हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेले सुट्टीचे घर, म्हणजे फेरिएनव्होनुंग, घ्यावे. भाडे पाहताना शेवटच्या साफसफाईचे पैसे वेगळे धरलेले आहेत का, हे आधी वाचा, कारण ती रक्कम एकदाच लागत असल्याने दोन रात्री राहिलात तर ती फार जाचते आणि पाच राहिलात तर जाणवत नाही. दरडोई दररोजचा पर्यटन कर त्यावर वेगळा असतो.

डोंगरवाट यांनी रविवारी निघायला सांगितले आहे, पण रविवारी इथे दुकाने बंद असतात हे त्यांनी गृहीत धरले असावे. त्यामुळे भाजी, दूध, दही हे सगळे शनिवारी रात्री आठच्या आत म्युनिकमध्येच घेऊन ठेवा. सोबत पोहे, रवा, मेतकूट आणि एका डबीत मोहरी-हिंग-हळद एवढे पुरे होते. ॲल्युमिनियमचा कुकर उचलून नेऊ नका. बऱ्याच घरांत इंडक्शनची शेगडी असते आणि त्यावर तो तापत नाही, हे आम्ही भिजवलेल्या तुरीच्या डाळीसमोर उभे राहून शिकलो. मुगाची डाळ न्या, ती साध्या पातेल्यात शिजते. आणि फोडणी देण्याआधी खिडकी उघडा. एकाच खोलीचे घर असेल तर धुराची घंटा पलंगाच्या वरच असते.

इसारकाठची

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली. हाम्बुर्गचे वाक्य ऐकल्यावर तो काही बोलला नाही, कारण त्याच्या गटातले चौघे हाम्बुर्गलाच आहेत. त्याने १५ ते १७ जूनची रजा मागितली आणि ती मंजूरही झाली. राम्साऊमध्ये एका शेतकरी कुटुंबाच्या घरातील वरचा मजला तीन रात्रींसाठी मिळाला असून, साफसफाई आणि कर धरूनही खर्च आमच्या मर्यादेत बसतो आहे. मालकीणबाईंना मी स्वतः जर्मनमध्ये पत्र लिहिले. त्यात दोन चुका होत्या, असे नंतर वर्गात कळले, पण त्यांनी उत्तर दिले.

किमझेची सूचना टाकून द्यावीशी वाटत नाही, म्हणून ४ जूनच्या सुट्टीला एका दिवसापुरते फ्राउएनइन्सेलला जाऊन यावे असा विचार आहे. त्या दिवशी फार गर्दी होईल का? आणि राम्साऊहून क्योनिग्झेची पहिली होडी गाठणे बसने जमते का, की त्यासाठी मुक्काम धक्क्याजवळच करायला हवा होता?

तळ्याकाठचा कंटाळा

४ जूनला किमझेवर गर्दी होईलच. फ्रोनलाइशनामच्याच दिवशी बाहेर पडायचे असेल तर मुर्नाऊजवळच्या श्टाफेलझे तळ्यावर जाऊन पाहा. काठावरच्या झेहाउझेन गावात त्या दिवशी धार्मिक मिरवणूक होड्यांमधून निघते, पताका लावलेल्या होड्या एकामागून एक पाण्यात जातात आणि काठावर वाद्यवृंद वाजत असतो. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यात उभे राहिलेल्यांना हे दृश्य परके वाटणार नाही. मुर्नाऊ रेल्वेने तासाभरावर आहे आणि मार्ग पूर्णपणे जर्मनीतूनच जातो. हवा वाईट असेल तर मिरवणूक पाण्यावर जात नाही, म्हणून आदल्या दिवशी अंदाज पाहून निघा. किमझे सप्टेंबरच्या मध्यानंतर, शाळा उघडल्यावर करा.

डोंगरवाट

मुक्काम बदलू नका. राम्साऊहून बसने आधी बेर्ख्टेसगाडेनच्या स्थानकावर यायचे आणि तिथून क्योनिग्झेची बस घ्यायची. दोन्हींत तुमचे तिकीट चालते. अगदी पहिली होडी चुकली तर दुसरी किंवा तिसरी मिळेल आणि जूनच्या मध्यात आठवड्याच्या मधल्या दिवशी तेवढ्याने काही बिघडत नाही. परतीच्या होडीची वेळ मात्र सालेटला उतरताच फलकावरून टिपून घ्या आणि ओबरझेच्या काठावर कितीही छान वाटत असले तरी त्याआधी अर्धा तास उठा. सालेटहून धक्क्याकडे येणारा रस्ता नाही.