मदत हवी आहे: नाशिकच्या वाइन पट्ट्यात सहकुटुंब सायकल, जमेल का?

आरेवासी:
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत शनिवार-रविवार धरून नाशिकला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, आठवीतली मुलगी, चौथीतला मुलगा आणि सासूबाई. वायनरीत गाडीने जाऊन, फोटो काढून परत, असं नकोय. बागांमधून सायकलवर फिरायचं आहे. गोरेगावात राहून पोरांची सायकल म्हणजे रविवारी पहाटे आरेचा रस्ता, तोही बेस्टच्या बसला जागा देत देत. मुलगी सलग वीसेक किलोमीटर आरामात मारते. मुलाचा भरवसा नाही, तो कंटाळला की थेट रस्त्याकडेला बसतो.

गंगापूर धरणाची बाजू बरी की दिंडोरीची? सायकली इथून न्याव्यात का, आणि कशा? वायनरीत मुलांना बघण्यासारखं काही असतं का? आणि खरा प्रश्न: वाइन चाखून परत सायकल कशी चालवायची? नवरा म्हणतो, दोन घोटांनी काय होतंय. मला ते पटत नाही. सासूबाईंचं मत विचारूच नका, "नातवंडांना गुत्ता दाखवायला नेताय" इथपासून सुरुवात आहे.

गोदाकाठ:
मुलं बरोबर आहेत तर डोळे मिटून गंगापूरची बाजू घ्या. दिंडोरीकडे वायनऱ्या आहेत, बागाही भरपूर, पण मुख्य रस्त्याला ट्रक आणि ट्रॅक्टर फार. हंगामात तर विचारू नका. गंगापूर रोडने सोमेश्वर, मग गंगापूर गाव, गोवर्धन, सावरगाव आणि पुढे धरणाचं पाणी. सुला आणि यॉर्क या दोन्ही वायनऱ्या याच अंगाला. चढउतार आहेत, पण घाट नाही. मुक्काम शहरात न करता गंगापूर-सावरगावकडेच केलात तर फेरी निम्म्याने कमी होईल आणि मुलगा रस्त्याकडेला बसणार नाही.

उजाडता निघा. पश्चिमेला जाताना ऊन पाठीवर असतं आणि रस्ता मोकळा मिळतो. शनिवार-रविवारी दुपारपासून याच रस्त्यावर तुमच्या मुंबईच्या गाड्यांची रांग लागते (राग नसावा). सकाळी थंडी चांगलीच वाजते आणि अकराला घाम फुटतो, म्हणून स्वेटर असा घ्या की काढून कमरेला बांधता येईल.

चाखण्याचं म्हणाल तर तुमचंच बरोबर आहे. सकाळी सायकल, मग मिसळ, सायकली मुक्कामी ठेवायच्या, अंघोळ, आणि संध्याकाळी रिक्षा किंवा टॅक्सी करून वायनरी. दोन घोटांचा हिशोब उतारावर कळतो, आणि मागे पोरं असतात.

सासूबाईंना सोमेश्वरचं दर्शन घडवा. त्या देवळात, तुम्ही बागेत.

पंक्चरवाला:
सायकली नेण्याबद्दल. कसाऱ्यापर्यंत लोकलच्या मालडब्यातून आणि पुढे घाट चढून, हा बेत आमच्यासारख्या रिकामटेकड्यांचा. कसारा घाटात मुलांना अजिबात घालू नका, अवजड वाहनं अंगावर येतात. समृद्धी महामार्गावर सायकलला मुळात परवानगीच नाही. वंदे भारतला पार्सलचा डबा नसतो. तपोवन एक्स्प्रेसने न्यायच्या तर आदल्या दिवशी सीएसएमटीच्या पार्सल ऑफिसात चौकशी करा, हँडल-पेडल नीट बांधून द्या, आणि त्याच गाडीत चढल्या का ते स्वतः बघा. नाशिकरोड स्टेशन गंगापूर रोडपासून बरंच लांब आहे, म्हणजे उतरल्यावर पुन्हा टेम्पो. एवढा सगळा खटाटोप दोन दिवसांसाठी? गाडी असेल तर मागे रॅक लावून मुलांच्या दोन सायकली घ्या, मोठ्यांच्या तिकडे भाड्याने बघा. लहान मापाची सायकल भाड्याने मिळणं कठीण, मोठी मिळते. नाशिकमध्ये सायकलवेडे कमी नाहीत. अमेरिका आडवी पार करणारी 'रॅम' शर्यत २०१५ साली दोघांच्या संघात पूर्ण करणारे डॉक्टर महाजन बंधू तिथलेच.

बागाईतदार:
मुलांना बघायला काय, तर वाइनपेक्षा बाग. फेब्रुवारी म्हणजे ऐन तोडणी. ऑक्टोबरात गोडी छाटणी (घड यावेत म्हणून) झालेली असते, त्याचा माल जानेवारी ते मार्चमध्ये निघतो. एप्रिलमध्ये पुन्हा खरड छाटणी (नव्या काड्या फुटाव्यात म्हणून). वेल वर्षातून दोनदा छाटतात हे शहरातल्या मुलांना सांगून बघा, खोटं वाटतं त्यांना. खाण्याची द्राक्षं बहुतेक मांडवावर, डोक्यावर लोंबतात. वाइनची तारांवर उभी चढवलेली, मणी बारीक, साल जाड, आत बिया. शिराझ (काळी) आणि शेनिन ब्लांक (हिरवी) या वाइनच्या जातींच्या ओळी शेजारी असतील तर रंगावरून मुलंच ओळखतील. वायनरीच्या फेरीत स्टीलच्या टाक्या आणि ओकची पिंपं दाखवतात. हंगामात काही ठिकाणी द्राक्षं पायाने तुडवायला देतात, त्यात पोरं रमतात. कपडे जुने घाला, डाग जात नाही.

एक विनंती. रस्त्याकडेच्या बागेतला घड तोडू नका. मालकाचं नुकसान तर आहेच, पण फवारणी कधी झाली ते तुम्हाला माहीत नसतं. आत जायचं तर आधी हाक मारा. बहुतेक शेतकरी स्वतःच आत बोलावतात आणि पिशवी भरून देतात. फवारणीचा ट्रॅक्टर चालू दिसला तर मात्र थांबू नका, पुढे निघा.

आरेवासी:
सगळ्यांचे आभार, भराभर मिळालं सगळं. मुक्काम गंगापूर-सावरगावकडेच बघते. मुलांच्या सायकली गाडीवर, आमच्या तिकडे भाड्याने. चाखणं संध्याकाळी, हा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला आहे. सासूबाईंना "सोमेश्वर" म्हटल्यावर त्यांनी साडी कोणती घ्यायची ते विचारलं, म्हणजे त्या येताहेत.

गोदाकाठ, एक सांगा: सोमेश्वर ते धरण या टप्प्यात सकाळी सातच्या सुमाराला चहा आणि पोरांसाठी स्वच्छतागृह कुठे मिळेल? की थर्मास घेऊनच निघावं?