समोरचं खरं की पडद्यावरचं? तुमचे अनुभव लिहा

जाईजुई (धागाकर्ती)
सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाईल बंद होतात. या गावाचं मला मनापासून कौतुक आहे. पण माझी काळजी त्या दीड तासात मावत नाही. आपण मोबाईल किती वेळ बघतो, यापेक्षा त्यात दिसलेलं डोळ्यांदेखतच्या गोष्टीहून खरं कधी वाटायला लागलं, हे मला जास्त छळतं. पडद्यानं एक सांगितलं आणि समोरचं माणूस, जागा, वस्तू खोटी ठरली, असं तुमच्या घरात किंवा कामावर घडलं असेल तर लिहा. मतं नकोत, घडलेलं हवं.

बांधावरून
सोयाबीन माझ्या रानात गुडघ्याच्या वर गेलं होतं, पण ई-पीक पाहणीत त्याची नोंदच नाही. २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतः करायची, रानात उभं राहून मोबाईलवर फोटो काढायचा. आमचा गट नाल्याच्या पल्याड, खोलात. कधी सर्व्हर बंद, कधी लोकेशन शेजारच्याच्या गटात. तसं करता करता मुदत संपली, सातबाऱ्यावर पीक लागलं नाही. पुढं हमीभावाच्या नोंदणीला गेलो तेव्हा खिशात मूठभर दाणे नेले होते. खिडकीवरचं पोरगं भलं होतं. त्यानं दाणे हातावर घेतले, "माल एक नंबर आहे काका" म्हणाला, आणि लगेच म्हणाला, "पण नोंद नाही." शेवटी व्यापाऱ्याला पडत्या भावानं घातलं.
वडील सांगायचे, तलाठी बांधावर यायचा. चुकायचा, चिडायचाही. पण त्याला हाताला धरून दाखवता यायचं, हे बघा, हे माझं पीक.

चादर
दादा, आमच्या आजीचंही असंच. सोलापुरात जन्मभर विड्या वळल्या, अंगठ्याच्या रेषा गेल्या. रेशन दुकानदार तिला चाळीस वर्षं ओळखतो, यंत्र ओळखत नाही. मग ओटीपी माझ्या मोबाईलवर येतो, मी पुण्यातून सांगतो, तेव्हा आजी आजी ठरते.

रात्रपाळी
मी आयसीयूत नर्स आहे. आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात, आधी पेशंट बघा, मग मॉनिटर. बोट गार पडलं असेल, नखाला पॉलिश असेल, क्लिप सरकली असेल, तर ऑक्सिजनचा आकडा खाली दिसू शकतो. पण नातेवाइकांची नजर आकड्यावरून हलत नाही. कोविडनंतर तर घरोघरी तो आकडा माहीत झाला आहे. एका रात्री आजोबा छान शुद्धीवर होते, मुलाशी बोलायला बघत होते. मुलगा त्यांच्या डोक्यावरून मॉनिटरकडे बघत मला विचारत होता, "सिस्टर, ब्याण्णव का झालं?" मी क्लिप दुसऱ्या बोटाला लावली, आकडा सुधारला, आणि त्याला म्हटलं, आता त्यांच्याकडे बघा, ते तुम्हाला हाक मारताहेत. मॉनिटर जीव वाचवतो, मी रोज बघते. त्याचा राग नाही. पण आजोबांनी दोनदा हाक मारली होती हो.

नाशिकची लेक
बाबा निवृत्त अधिकारी, कायदा जाणणारे. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखी खोली. "तुमच्या आधारवर गुन्हा आहे, कॉल कापायचा नाही, घरच्यांना सांगायचं नाही." बाबांनी खोलीला आतून कडी लावली. आई दाराबाहेरून सांगत होती, "अहो, ते खोटं आहे, डिजिटल अरेस्ट असं काही नसतं." सदतीस वर्षांचा संसार दाराबाहेर आणि तासाभरापूर्वीची ओळख दाराआत. दुसऱ्या दिवशी मुदत ठेव मोडायला गेले. बँकेतल्या बाईंनी चेहरा बघितला, बसवलं, पाणी दिलं आणि कारण विचारलं. तिथूनच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला. पैसे वाचले. त्या बाईंचे उपकार विसरणार नाही. बाबा अजूनही आईसमोर त्या दिवसाचा विषय काढत नाहीत.

घाटवाट
मी अकोले तालुक्यात जीप चालवतो. २०२१ च्या जानेवारीत कोतूळजवळचा पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली होता. नकाशात तो रस्ता चालूच दिसत होता. कळसूबाईला निघालेली गाडी रात्री थेट पाण्यात गेली, एक जण दगावला. आमच्याकडे वर्षाचे काही महिने कुठला रस्ता बुडतो ते शेंबडं पोरगंही सांगेल. आता पाहुणे काच खाली करून विचारतच नाहीत. कृपा करून विचारत जा.

अबोली
लिहू की नको करत होते. पप्पांच्या वर्षश्राद्धाला भाच्यानं प्रेमानं त्यांच्या फोटोचा व्हिडिओ करून आणला. एआयनं केलेला. फोटोतले पप्पा मान वळवतात आणि हसतात. सगळे रडले. मम्मी मात्र उठून आत गेली. "हे हसणं त्यांचं नाही," म्हणाली. पप्पांचा पुढचा दात लहानपणी तुटला होता, ते कायम ओठ मिटून हसायचे. व्हिडिओत सगळे दात दिसतात.
२०२० मध्ये दक्षिण कोरियातल्या एका वाहिनीनं एका आईला तिच्या गेलेल्या मुलीची आभासी भेट घडवली होती. तेव्हा मी ते बघून ढसाढसा रडले होते. त्या आईला मी आजही काही म्हणणार नाही. पण माझी मुलगी चार वर्षांची आहे, तिला पप्पा पुसट आठवतात. परवा तिनं आजोबांचं चित्र काढलं, तोंडभर दात. आता मी खरे फोटो काढून तिला रोज एक दाखवते, आणि दाताची गोष्ट सांगते, चिंचेच्या झाडावरून पडल्याची.

जाईजुई
अबोली, ती गोष्ट लिहूनही ठेव. मम्मीकडून अजून ऐकून घे.
बांधावरून दादा, शेतकऱ्याची मुदत संपली तरी राहिलेल्या गटांची नोंद गावात नेमलेल्या सहायकाकडून होते. पुढच्या हंगामात असं झालं तर त्यांना फोन करून रानातच बोलवा. इथे कुणी सहायक म्हणून काम केलं असेल तर कृपया लिहा, लोकेशन शेजारच्या गटात दाखवतं तेव्हा तुम्ही काय करता?