क्लॉक बंद करायचं राहिलं तर काय आभाळ कोसळतं?

खटपट्या: काल इथे कुणीतरी लिहिलं, 'लिनक्सच्या एसडी कार्ड ड्रायव्हरमध्ये क्लॉक एनेबल, म्हणजे चिपला ठोके देणारा सिग्नल चालू करणं, कधी फेल होत नाही, रिटर्न व्हॅल्यू तपासा म्हणणारे रिव्ह्यूअर रिकामटेकडे.' बरं, मी रिकामटेकडा. प्रोबमध्ये, म्हणजे ड्रायव्हर डिव्हाइसला जोडताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये, क्लॉक दोन. बसचं चालू केलंत, कार्डाचं मागायला गेलात तर त्याचा प्रोव्हायडर (ते पुरवणारा ड्रायव्हर) अजून आलेलाच नाही. प्रोब डिफर, म्हणजे नंतर पुन्हा करायचा, तुम्ही एरर परत करून मोकळे. बसचं कोण बंद करणार, शेजारी? पुढच्या प्रोबला तेच. एनेबलचा काउंट चढत जातो आणि ते क्लॉक मग बंद होतच नाही. बॅटरी का उतरते म्हणून बोंब पुन्हा तुमचीच.

दीडशहाणा: लिहिणारा मीच. बारा वर्षांत एनेबल फेल झालेलं एकदाही बघितलं नाही. आणि एवढी काळजी असेल तर डेव्हएम (devm, कर्नलची स्वतःच आवराआवर करणारी फंक्शनं) वापरा, बाहेर पडताना क्लॉक आपोआप बंद. एरर आली की साफसफाईच्या ओळींवर उडी मारायला गोटूच्या लेबलांची रांग कशाला?

आज्जीचा_बटवा: गोटूला नावं ठेवायची नाहीत. कर्नलच्या कोडिंग स्टाइलमध्येच (कोड कसा लिहावा त्या नियमांत) साफसफाईसाठी गोटू सांगितलाय. आमच्या सरांनी डाइक्स्ट्राचं १९६८ चं गोटूविरोधी पत्र दाखवून माझे प्रॅक्टिकलचे चार मार्क कापले होते. डिस्टिंक्शन तीन मार्कांनी गेलं.

दीडशहाणा: ताई, धागा क्लॉकचा आहे, तुमच्या मार्कशीटचा नाही.

आज्जीचा_बटवा: गोटूचा विषय काढला कुणी? आणि ज्यांनी कापले ते स्वतः ब्रेकने चार लूपमधून बाहेर पडायला फ्लॅग (खूण ठेवणारी व्हेरिएबलं) वापरायचे. चार फ्लॅग! ते म्हणे स्ट्रक्चर्ड.

बोर्डवाला: पुरे हो. डेव्हएम सरसकट चालत नाही. रनटाइम सस्पेंडमध्ये, म्हणजे काम नसताना डिव्हाइस झोपवताना, क्लॉक तुम्हीच बंद करता. कार्ड निवांत असताना ड्रायव्हरचं मॉड्यूल काढलं आणि रिमूव्ह फंक्शनमध्ये डिव्हाइस आधी जागं केलं नाहीत, तर डेव्हएम तेच क्लॉक दुसऱ्यांदा बंद करायला जातं. लॉगभर वॉर्निंग. उलट बंद क्लॉकवर रजिस्टर वाचलं तर काही चिपांवर अख्खी बस अडकते. माझा बोर्ड असाच गोठायचा. तीन रात्री सप्लायवर स्कोप लावून बसलो, आणि चोर निघाला सस्पेंडनंतर स्टेटस रजिस्टर वाचणारा इंटरप्ट हँडलर (हार्डवेअरच्या हाकेला धावणारा कोड).

आणि एरर पाथ चाटून पुसून बघणारे भागाकार कधी बघतात? मूळ क्लॉकच्या २०८ मेगाहर्ट्झला ५० ने भागलं, इंटिजरमध्ये डिव्हायडर (भाजक) ४ आला. कार्डाला गेले ५२, एसडीच्या हाय स्पीड मोडची मर्यादा ५०. डिव्हायडर वर राउंड करायचा असतो. नाहीतर सीआरसी (डेटा बिघडल्याच्या) एरर येतात आणि गिऱ्हाईक म्हणतं कार्ड डुप्लिकेट.

दीडशहाणा: माझ्याकडे फिक्स्ड रेट क्लॉक आहे, त्यात फेल व्हायला काही नसतंच.

खटपट्या: तुमच्या बोर्डवर. ड्रायव्हर काय फक्त तुमच्या टेबलावर चालतो?

दीडशहाणा: बरं बाबा, तपासतो. भागाकारही बघतो. पॅच पाठवतो, पण त्यात गोटू नसेल.

आज्जीचा_बटवा: पाठवा. फ्लॅग किती ते मी मोजते.