माज संपल्यानंतर कुत्रीची नसबंदी नेमकी केव्हा करावी?

रानजाई (प्रश्न)

आमच्याकडे लॅब्रडॉर जातीची सव्वा वर्षाची कुत्री असून तिचे वजन साधारण २६ किलो आहे. तिचा पहिला माज होऊन गेला असून रक्तस्राव पूर्ण थांबल्याला पाच-सहा आठवडे झाले आहेत. पिल्ले होऊ देण्याचा आमचा विचार नाही, त्यामुळे नसबंदी करायची हे ठरलेलेच आहे. प्रश्न आहे तो फक्त वेळेचा. ज्या पशुवैद्यांकडे तिचे लसीकरण होते, त्यांनी माज संपल्यापासून तीन महिने थांबायला सांगितले आहे. दुसऱ्या एका दवाखान्यात चौकशी केली, तेव्हा त्यांनी तिला न पाहताच पुढच्या आठवड्यातली तारीख देऊ केली. गर्भाशयात पू होण्याचा आजार, म्हणजे पायोमेट्रा, माजानंतरच होतो असे वाचल्यामुळे घरातल्या काहींना थांबणेच धोक्याचे वाटते.

गेल्या काही दिवसांपासून तिचे वागणेही बदलले आहे. ती पलंगाखालच्या कोपऱ्यात चादर ओढून नेते, पंजांनी उकरून तिचा खळगा करते आणि एक जुना मोजा त्यात ठेवून त्यावर हनुवटी टेकून बसते. कोणी जवळ गेले तर हलकेच गुरगुरते. मागच्या पायांजवळची स्तनाग्रे आणि त्यांच्या भोवतीचा भाग फुगल्यासारखा दिसतो. माजाच्या दुसऱ्या आठवड्यात ती एकदा फाटकातून निसटली होती आणि सापडेपर्यंत थोडा वेळ गेला होता, म्हणून मनात शंकाही आहे. अशा परिस्थितीत शस्त्रक्रिया लवकर उरकावी की थांबावे, आणि थांबायचे असेल तर तीन महिने नेमके कोणत्या दिवसापासून मोजावेत?

सुईदोरा

मी पशुवैद्यक आहे, पण प्रत्यक्ष तपासणीशिवाय निदान करता येत नाही, हे लक्षात ठेवूनच पुढचे वाचावे.

सर्वांत आधी गर्भधारणेची शंका फेडून घ्या. स्राव लाल असतो तेव्हा नव्हे, तर तो फिकट, गवती रंगाचा होतो तेव्हा मादी नराला जवळ येऊ देते, आणि ते साधारणपणे दुसऱ्या आठवड्यातच घडते. नराचे शुक्रजंतू तिच्या शरीरात कित्येक दिवस जिवंत राहू शकतात. त्यामुळे ती निसटली ती वेळ नेमकी जोखमीची होती. गर्भ असेल तर मिलनानंतर चार आठवड्यांच्या सुमारास सोनोग्राफीत तो दिसू लागतो. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो, म्हणजे तुमच्याकडे वाट पाहण्याएवढा वेळ नाही. सोनोग्राफी याच आठवड्यात करून घ्यावी.

आता थांबण्याचे कारण. रक्तस्राव थांबला म्हणजे माजाचा परिणाम संपला, असा बहुतेकांचा समज असतो. शरीराच्या दृष्टीने मात्र तो निम्माही संपलेला नसतो. कुत्रीच्या बाबतीत विशेष असे की, गर्भ राहो वा न राहो, बीजमोचनानंतर, म्हणजे अंडाशयातून बीज सुटल्यानंतर, प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक सुमारे दोन महिने चढेच राहते. गर्भ नसतानाही शरीर गर्भारपणाचीच तयारी करत असते. पुढे हे संप्रेरक उतरू लागले की प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारे संप्रेरक, वाढते आणि त्यातून घरटे करणे, एखादी वस्तू पिल्लासारखी सांभाळणे, स्तन भरणे, क्वचित दूध येणे ही लक्षणे दिसतात. यालाच खोटी गर्भधारणा म्हणतात. तुमच्या कुत्रीचे मोजा-प्रकरण बहुधा त्यातलेच आहे, अर्थात सोनोग्राफीत गर्भ नसल्याची खात्री झाल्यानंतरच तसे म्हणता येईल.

या काळात नसबंदी करून अंडाशये काढली, तर प्रोजेस्टेरॉन हळूहळू न उतरता एकदम कोसळते आणि प्रोलॅक्टिन उसळी घेते. त्यामुळे खोटी गर्भधारणा नव्याने सुरू होऊ शकते आणि आधीच सुरू असेल तर महिनोन्महिने रेंगाळू शकते. तपासणीच्या टेबलावर स्तनाग्राशी दुधाचा थेंब दिसला, तर मी त्या दिवशीची शस्त्रक्रिया पुढे ढकलतो. मालक रजा काढून आलेले असले तरीही.

ऐन माजात शस्त्रक्रिया टाळण्याचे कारण वेगळे आहे. त्या वेळी गर्भाशय सुजलेले, लालसर आणि पाण्याने भरल्यासारखे जड लागते, त्याच्या बाजूने जाणाऱ्या रक्तवाहिन्या ठसठशीत फुगलेल्या असतात, आणि गाठ आवळताना दोरा ऊतीला बांधण्याऐवजी कापतच आत जातो की काय, अशी धास्ती वाटते. अनुभवी हाताने ही शस्त्रक्रिया होऊ शकते, आणि निवारागृहांत नाइलाजाने केलीही जाते, परंतु ज्यांना वेळ निवडता येते त्यांनी ही जोखीम का घ्यावी?

उंबरठा

थांबावे याबद्दल माझेही दुमत नाही, पण तुमच्या घरच्यांची पायोमेट्राची भीती पोकळ नाही, हे नोंदवावेसे वाटते. स्वीडनमधील विम्याच्या नोंदींवरून असे दिसले आहे की, नसबंदी न झालेल्या माद्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश माद्यांना वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत हा आजार होतो. तो मुख्यतः मध्यम आणि उतारवयात होतो, परंतु कोवळ्या वयात होतच नाही असे नाही, आणि बहुतेक वेळा माजानंतरच्या पहिल्या एक-दोन महिन्यांतच डोके वर काढतो. म्हणून थांबायचे ते डोळे उघडे ठेवून. एकाएकी खूप पाणी पिणे, वारंवार लघवी, अन्नावरची वासना जाणे, उलट्या, मलूलपणा किंवा योनीतून घाण वासाचा स्राव यांपैकी काही दिसले, तर तीन महिन्यांचे गणित बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गर्भाशयाचे मुख बंद असेल तर पू बाहेर येतच नाही, त्यामुळे स्राव नाही म्हणून निर्धास्त राहणे सर्वांत धोक्याचे ठरते. अशा वेळी शस्त्रक्रिया तातडीने करावी लागते आणि तिथे माजाचा विचार करायचा नसतो.

स्तनांच्या गाठींचा मुद्दाही कोणीतरी काढेलच, म्हणून आधीच लिहितो. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातले आकडे सर्वत्र फिरत असतात: पहिल्या माजाआधी नसबंदी केल्यास धोका ०.५ टक्के, एका माजानंतर ८ टक्के आणि दोन किंवा अधिक माजांनंतर २६ टक्के. याचा अर्थ शंभरातल्या २६ माद्यांना गाठी होतात, असा नाही; नसबंदी न झालेल्या माद्यांना असलेल्या धोक्याच्या तुलनेत तो किती उरतो, एवढेच हे आकडे सांगतात. शिवाय २०१२ मध्ये अशा सर्व अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा हा पुरावा कमकुवत असल्याचे मत नोंदवले गेले. तुमच्या कुत्रीचा पहिला माज होऊन गेलाच आहे. आता दुसऱ्या माजाच्या आत नसबंदी झाली की पुरे, ती पुढच्या आठवड्यात झाली काय किंवा दोन महिन्यांनी झाली काय, या मुद्द्यावर काहीच फरक पडत नाही.

मोठ्या चणीच्या जातींत थोडी वाढ होऊ देण्याचा फायदाही असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत गोल्डन रिट्रीव्हरवर झालेल्या २०१३ च्या अभ्यासात, वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या कुत्र्यांत सांध्यांचे काही विकार अधिक आढळले होते. तुम्ही तो टप्पा ओलांडला आहे.

हिरवाचाफा

आमच्या कुत्रीला दोन्ही वेळा खोट्या गर्भधारणेचा त्रास झाला, त्यामुळे व्यवहारातल्या दोन गोष्टी सांगते. स्तन दाबून दूध येते का ते पाहण्याचा मोह आवरावा, कारण दाबल्याने, चोळल्याने किंवा शेकल्याने दूध वाढते. ती स्वतःच चाटत राहिली तर तोंड तिथवर पोहोचू नये म्हणून गळ्यात शंकूच्या आकाराचा पट्टा (कोन) घालावा लागतो. मोजा एकदम हिसकावून घेऊ नये. ती फिरायला गेली असताना तो आणि चादर दोन्ही उचलावे आणि त्या कोपऱ्याची वाट बंद करावी. पाणी तोडण्याचा सल्ला कोणी दिला तर तो अजिबात मानू नये.

बहुतेकींचा त्रास दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरतो. आमच्या पशुवैद्यांनी दुसऱ्या वेळी कॅबरगोलिन हे प्रोलॅक्टिन उतरवणारे औषध काही दिवस दिले होते. पहिल्या मात्रेनंतर तिला उलटी झाली, पण खाण्यानंतर दिल्यावर ते पचले. स्तन पूर्ण बसल्यानंतर मगच त्यांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली, आणि नंतर काही त्रास झाला नाही.

रानजाई

सर्वांचे आभार. सोनोग्राफी झाली, गर्भ नाही आणि गर्भाशयात पाणी किंवा पूही नाही. पशुवैद्यांनी तूर्त औषध न देता दोन आठवडे वाट पाहायचे ठरवले आहे. दिवसांचा हिशोब मात्र अजून नीट कळलेला नाही, आणि आम्ही थांबलेलो असतानाच पुढचा माज आला तर काय, ही नवी काळजी लागली आहे. माज पुढे ढकलण्याचे इंजेक्शन मिळते म्हणतात, ते घ्यावे का?

सुईदोरा

इंजेक्शनचा विचार सोडून द्यावा. ती औषधे प्रोजेस्टेरॉनच्याच जातीची असतात, त्यांनी पायोमेट्राचा आणि स्तनांच्या गाठींचा धोका वाढतो, म्हणजे जे टाळण्यासाठी नसबंदी करायची तेच ओढवून घेतल्यासारखे होते.

हिशोब रक्ताचा पहिला थेंब दिसला त्या दिवसापासून मांडणे सोपे जाते, कारण तो दिवस सहसा लक्षात राहतो, तर माज संपल्याचा दिवस प्रत्येक जण वेगळा सांगतो. माज सुमारे तीन आठवड्यांचा धरला आणि त्यापुढे तीन महिने मोजले, तर सोळावा आठवडा येतो. दोन माजांत सर्वसाधारणपणे सहा ते सात महिन्यांचे अंतर असते, त्यामुळे चौदाव्यापासून बाविसाव्या आठवड्यापर्यंतचा काळ बहुतेकींसाठी सोयीचा असतो. तुम्ही आता आठव्या-नवव्या आठवड्याच्या आसपास आहात, म्हणजे हाताशी भरपूर वेळ आहे. काही माद्यांचे, विशेषतः जर्मन शेफर्डचे, अंतर चार-पाच महिन्यांवर येते आणि त्यांच्या बाबतीत इतके सैल राहून चालत नाही. तुमच्या कुत्रीचा हा पहिलाच माज असल्याने तिचे अंतर किती ते अद्याप कळलेले नाही, म्हणून मी बाविसाव्या आठवड्याची वाट न पाहता सोळाव्याच्या आसपासची तारीख आजच धरून ठेवीन. तेवढ्यात योनी सुजलेली किंवा रक्ताचा डाग दिसलाच, तर तारीख रद्द करून हिशोब नव्याने सुरू करायचा, एवढेच.

शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधी तिला पुन्हा एकदा दाखवून घ्या. स्तन मऊ आणि सपाट झाले आहेत का, हे पशुवैद्यांनाच पाहू द्या. घरी चाचपू नका. रक्ततपासणीही त्याच वेळी उरकता येईल. वजन वाढले असेल तर या दोन महिन्यांत थोडे उतरवावे, कारण पोटातल्या चरबीत अंडाशयाची रक्तवाहिनी शोधणे आणि बांधणे अवघड जाते, आणि नसबंदीनंतर भूक वाढून वजन चढतेच. शस्त्रक्रियेच्या दिवशी किती तास उपाशी ठेवायचे ते तिथेच विचारा, आणि पहिल्या थेंबाची तारीख कागदावर लिहून सोबत न्या.