मदत हवी आहे: लाइम आजार, मुंबईत ब्लॉट तपासणी आणि निसर्गोपचार

लाइम म्हणजे गोचीड चावल्याने होणारा जिवाणूंचा आजार. रुग्ण अमेरिकेतल्या कनेक्टिकटहून दादरला परतलाय. चार महिन्यांपूर्वी गोचीड चावलेल्या जागी तळहाताएवढा लाल चट्टा पसरला होता, आता उजवा गुडघा नारळासारखा सुजलाय. एलायझा (रक्तातल्या अँटीबॉडी शोधणारी पहिली चाचणी) पॉझिटिव्ह आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) किंवा सिफिलिसच्या अँटीबॉडीही तिथे फसवतात, आणि पावसाळ्यातली मुंबई म्हणजे लेप्टो आलाच. म्हणून वेस्टर्न ब्लॉट हवा, म्हणजे कोणत्या अँटीबॉडी आहेत ते पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी पुढची तपासणी. चार महिन्यांनंतर फक्त आयजीजी (उशिरा बनणाऱ्या अँटीबॉडी) धरायचा, १० पैकी किमान ५ पट्ट्या. पहिल्या ३० दिवसांनंतरचा नुसता आयजीएम (सुरुवातीला बनणाऱ्या अँटीबॉडी) बहुतेकदा खोटा निघतो.

पहिला प्रश्न: पट्ट्यांची नावं लिहून रिपोर्ट देणारी लॅब मुंबईत कोणती? नुसतं 'पॉझिटिव्ह' नको.

दुसरा: संसर्गरोगतज्ज्ञांशी बोलून काम करणारे निसर्गोपचारक हवेत. डॉक्सिसायक्लिन (डॉक्सी) हे अँटिबायोटिक १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, २८ दिवस ठरलंय. ते थांबवा म्हणणारे कृपया सुचवू नका, गुडघ्याचं कायमचं नुकसान होऊ शकतं. थेंबभर रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरून 'जंतू दिसले' म्हणणारेही नकोत, लाइमचं निदान तसं होत नाही. कॅट्स क्लॉ, जपानी नॉटवीड या वनस्पतींचा परिणाम परीक्षानळीत दिसलाय, माणसातला डोस ठरलेला नाही. आहार, झोप, गुडघ्याला थंड पट्ट्या, हलका व्यायाम एवढी साथ पुरे.

आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोहाच्या गोळ्या कशा बसवता? डॉक्सीशी किमान दोन तासांचं अंतर लागतं, नाहीतर औषध अंगात नीट शोषलं जात नाही. दोन डोसांमध्ये कुणी वेळापत्रक जमवलं असेल तर तासांसकट लिहा.